बंदुकीनंतरचा फळा : निवृत्त सैनिकांपुढील दुसरी वाट

भिलाई (छत्तीसगड) - अग्निपथ योजनेची घोषणा १४ जून २०२२ रोजी झाली, तेव्हा चर्चेचा सारा भर भरतीवर होता. भरती झालेले तरुण बाहेर पडतील तेव्हा काय, हा प्रश्न विचारला गेला खरा, पण तो लांबचा वाटत होता. नौदलातील अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीने २८ मार्च २०२३ रोजी ओडिशातील आयएनएस चिल्का येथे दीक्षान्त संचलन केले. भूदलातील पहिल्या अग्निवीरांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. चार वर्षांचा हिशेब मांडला, तर २०२६ ची अखेर आणि २०२७ चा प्रारंभ हा त्यांच्या परतीचा काळ ठरतो. पहिल्या वर्षी ४६ हजार जागांची योजना होती आणि त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के तरुणांना कायम करावयाचे, असा मूळ आराखडा होता. म्हणजे एका वर्षाच्या भरतीतूनच सुमारे साडेचौतीस हजार तरुण पंचविशीच्या आसपास नागरी जीवनात परतणार, असे ते गणित आहे.

हा प्रश्न केवळ अग्निवीरांचा नाही. तिन्ही दलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जवान निवृत्त होतात आणि त्यांतील बहुतेकांचे वय ३५ ते ४५ च्या दरम्यान असते. इतर नोकरदार ज्या वयात जबाबदारीच्या पदावर पोहोचतात, त्या वयात सैनिक घरी येतो. निवृत्तिवेतन असते, पण मुलांची शिक्षणे व्हायची असतात आणि स्वतःच्या आयुष्याची वीस-पंचवीस कर्ती वर्षे शिल्लक असतात. या वर्षांना अर्थ कशातून मिळावा, हा पोटापाण्याइतकाच मोठा प्रश्न आहे.

पुन्हा पहाराच

सरकारी उत्तर आजवर एका ठरावीक चाकोरीतून फिरत आले आहे. पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनांत सुरक्षा एजन्सी, कोल इंडियाच्या उपकंपन्यांसाठी कोळसा वाहतूक, पेट्रोल पंप यांना ठळक स्थान आहे. केंद्र सरकारच्या ‘क’ गटातील पदांत माजी सैनिकांसाठी १० टक्के, तर सार्वजनिक उपक्रमांत अपंग माजी सैनिक व हुतात्म्यांचे कुटुंबीय धरून साडेचौदा टक्के आरक्षण आहे. छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी जुलै २०२४ मध्ये अग्निवीरांसाठी राखीव जागा जाहीर केल्या, त्या पोलीस आरक्षक, वनरक्षक आणि कारागृहातील प्रहरी या पदांसाठी. घोषणा स्वागतार्ह होती. मात्र तिन्ही पदे पुन्हा गणवेशाची आणि पहाऱ्याची आहेत. सैनिकाला रक्षण करता येते, हे सर्वांना दिसते. त्याला शिकवता येते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

वास्तविक सैन्य ही देशातील सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. खेड्यातून आलेल्या, कधी घर न सोडलेल्या मुलाला काही महिन्यांत नकाशा वाचायला, वायरलेस हाताळायला, इंजिन उघडून जोडायला शिकवणारा हवालदार तेथे ‘उस्ताद’ म्हणून ओळखला जातो. पचमढी येथे केंद्र असलेली आर्मी एज्युकेशन कोअर तर शिक्षणासाठीच आहे. सेवेत बढती मिळत जाते तसतसे कनिष्ठांना घडविण्याचे काम वाढत जाते. पंधरा-वीस वर्षे सेवा केलेल्या सुभेदाराच्या हाताखालून कितीतरी तरुण घडून गेलेले असतात. निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हातून हे काम अचानक सुटते आणि त्याच्या वाट्याला एखाद्या इमारतीच्या दारावरची खुर्ची येते.

भिलाईचा धडा

या दृष्टीने भिलाईचे उदाहरण बोलके आहे. हे शहर शिकण्या-शिकविण्यातून उभे राहिले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. अवघ्या चार वर्षांच्या त्या काळात शेतीच्या प्रदेशात पोलादाचे कौशल्य रुजले, ते जाणत्याने नवख्याला भट्टीजवळ उभे करून दाखविल्यामुळे. पुढे अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीसाठी भिलाईचे शिकवणी वर्ग मध्य भारतात नावाजले. २०१६ मध्ये येथे आयआयटी सुरू झाली आणि कुटेलाभाठा येथील तिचा कायमस्वरूपी परिसर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागाचा मराठी मुलखाशी संबंध आहे आणि पोलाद कारखान्याच्या नोकरीमुळे येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही बरीच आहेत.

सैन्याशीही शहराचे नाते आहे. ९ पॅरा तुकडीचे नाईक कौशल यादव हे भिलाईचे. २५ जुलै १९९९ रोजी कारगिल युद्धात ते हुतात्मा झाले आणि त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. छत्तीसगड शासनाच्या क्रीडा पुरस्कारांपैकी एक त्यांच्या नावाने दिला जातो आणि तो कनिष्ठ गटातील खेळाडूंसाठी आहे. सैनिकाची स्मृती मैदानावरील मुलांशी जोडण्याची ही कल्पना सुंदर आहे. तेच नाते हयात सैनिकांच्या बाबतीतही जोडावे, ही त्यापुढची स्वाभाविक पायरी ठरेल.

राज्यात सैनिकी शाळा आहे ती उत्तरेला अंबिकापूर येथे, २००८ पासून. दुर्ग-भिलाईच्या मुलाला ती दूर पडते. त्यामुळे भरतीपूर्व मार्गदर्शनाची गरज येथे खासगी वर्ग भागवतात. पहाटे मैदानात धावणारी मुले आणि शिट्टी घेऊन उभे असलेले माजी सैनिक हे दृश्य महाराष्ट्रातील सातारा-कोल्हापूरप्रमाणे अनेक शहरांत दिसते. या वर्गांतून अनेक घरांना आधार मिळाला, हे मान्य करावे लागेल. पण येथे शुल्क किती, दर्जा कोणता, भरती न झालेल्या मुलाचे पुढे काय, यावर कोणाची देखरेख नसते. शिवाय रगडा देणे आणि शिकविणे यांत अंतर आहे. बराकीत आज्ञेला प्रश्न नसतो, तर वर्गात प्रश्नानेच सुरुवात होते. चांगल्या उस्तादालाही हा बदल शिकावा लागतो.

परंपरा आहे, धोरण नाही

सैनिक उत्तम गुरू होऊ शकतो, याचे पुरावे शोधायला दूर जावे लागत नाही. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत यांच्यासह मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि अ‍ॅथलेटिक्सचे ओ. एम. नंबियार होते. भारद्वाज लष्करातून आलेले, तर नंबियार यांनी हवाई दलात पंधरा वर्षे काढलेली. नंबियार यांनी हवाई दल सोडल्यानंतर केरळात प्रशिक्षकाचे काम पत्करले नसते, तर पी. टी. उषाच्या कारकिर्दीला तसे वळण मिळाले असते का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचे उदाहरण त्याहून वेगळे. १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे हे मानकरी १९८३ मध्ये निवृत्त झाले आणि फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहिले. भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे स्वप्न त्यांनी सत्तरी उलटल्यावरही सोडले नाही. त्यांच्या मार्गदर्शनाखाली दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून ही प्रदक्षिणा पूर्ण केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती कोठेही न थांबता केली. दोंदे यांनी पुढे महिला अधिकाऱ्यांच्या चमूला तयार केले आणि २०१७-१८ मध्ये सहा जणी ‘तारिणी’तून जगाला वळसा घालून आल्या. आवटी २०१८ मध्ये निवर्तले. पण ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी प्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांना घडविणारे होते निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी. एका निवृत्त माणसाच्या ध्यासातून शिष्यांची अशी साखळी तयार झाली.

संस्थात्मक प्रयत्नही झाले. सैन्यातील अधिकाऱ्यांत मराठी मुलांची संख्या वाढावी म्हणून राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे सेवापूर्व प्रशिक्षण संस्था काढली. तेथे निवृत्त अधिकाऱ्यांच्या अनुभवाचा उपयोग होतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारे मुलींना खुली झाल्यावर नाशिक येथे मुलींसाठीही तशी संस्था सुरू झाली. मात्र हे सारे सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. सामान्य शाळेतील सामान्य मुलापर्यंत सैनिकाचा अनुभव पोहोचविणारी वाट अद्याप अरुंद आहे.

अडचण पदवीची, आणि न्यायाचीही

शिक्षण हक्क कायद्यानंतर शाळेत शिक्षक होण्यासाठी शिक्षणशास्त्राची पदविका किंवा पदवी आणि पात्रता परीक्षा आवश्यक ठरली. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर सैनिकाला काही पदांसाठी पदवीधराच्या समकक्ष मानले जाते. पण वर्गात उभे राहायला ते पुरत नाही. हा नियम शिथिल करावा, असे सुचविणे सोपे आहे. छत्तीसगडात मात्र ते बोलणे जपूनच करावे लागेल. प्राथमिक वर्गांसाठी बी. एड. पुरेशी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आणि त्याच्या परिणामी या राज्यातील अडीच हजारांहून अधिक सहायक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. दीर्घ आंदोलनानंतर त्यांना प्रयोगशाळेच्या पदांवर सामावून घेण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. प्रशिक्षित तरुणांवर ही वेळ आलेली असताना सैनिकांना आडवाटेने वर्गात आणणे न्यायाचे ठरणार नाही.

परदेशातील अनुभवही सावधपणाच शिकवतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात सैनिकांना शिक्षकी पेशात आणण्याची योजना सुरू झाली. तिने पात्रतेला फाटा न देता ती मिळविण्यासाठी अर्थसाहाय्य दिले. ब्रिटनने तशीच योजना आखली, तेव्हा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा बराच कमी आला. म्हणजे केवळ दार उघडून भागत नाही, दारापर्यंत पोहोचण्याची तयारी सेवेत असतानाच करून घ्यावी लागते.

काय शक्य आहे

शिक्षकाचे पद न घेताही मुलांना घडविण्याची कामे बरीच आहेत. राष्ट्रीय छात्रसेनेत तीन लाख जागा वाढविण्यास संरक्षण मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याबरोबर माजी सैनिकांना ठोक मानधनावर प्रशिक्षक नेमण्याचा विचारही पुढे आला. सरकारी शाळांत स्वयंसेवेने शिकविण्यासाठी ‘विद्यांजली’ची नवी रचना सप्टेंबर २०२१ पासून आहे. सिग्नल, इंजिनिअर्स, ईएमई यांतील कारागिरांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत निदेशक होता येईल; त्यासाठी लागणारे प्रशिक्षण निवृत्तीपूर्वीच्या अखेरच्या काळात देता येईल. पोलाद कारखान्याच्या भिलाईत अशा हातांना काम कमी पडू नये.

अग्निवीरांच्या बाबतीत ही निकड अधिक आहे. चार वर्षांनंतर हाती येणारा सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी खर्च होऊन जाईल. पंचविशीतल्या तरुणाला चौथ्या वर्षीच बी. एड., क्रीडा प्रशिक्षण किंवा निदेशकाच्या अभ्यासक्रमाची वाट दाखविली, तर तो सर्वांच्या बरोबरीने स्पर्धेत उतरेल आणि कोणाचा हक्कही डावलला जाणार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांची नोंद असते, पण त्या नोंदीत कोणाला काय शिकवता येते हा रकाना घालायला फारसा खर्च येत नाही. प्रत्येक जिल्ह्यात तो रकाना भरला गेला, तर पहिली तुकडी घरी परतेल तेव्हा शाळांना, मैदानांना आणि कार्यशाळांना आपला उस्ताद कोठे आहे, हे निदान ठाऊक असेल.