गोळी आणि कोयता
एचआयव्हीवरील औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. भेदभावास मनाई करणारा २०१७ चा कायदाही २०१८ पासून अमलात आहे. तरीही बीडजवळ पाली येथे बारगजे दांपत्याला अशा मुलांसाठी ‘इन्फंट इंडिया’ हे घर चालवावे लागते, ते का? औषधापेक्षा आसरा दुर्मिळ आहे म्हणून.

गोळी रोज, जन्मभर घ्यावयाची असते. या जिल्ह्यातील असंख्य स्त्रिया दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीस परमुलखात जातात. कोपीत चौघांदेखत गोळी घेणे म्हणजे रोग जाहीर करणे. लपवालपवीत गोळी चुकते. गरोदर स्त्रीने उपचार नियमित घेतले तर बाळास लागण क्वचितच होते. अशा घरांतून खाऊवाटपास जाणाऱ्यांनी (अर्थात छायाचित्रासह!) दसऱ्यापूर्वीही सवड काढावी. जी माता विश्वासाने मदत मागेल, तिच्याबरोबर केंद्रात जाऊन हंगामात औषध कोठून मिळेल याची निश्चिती करावी. आणि ही गोष्ट गावात कोठेही बोलू नये.