उमेदवार पाहा, पण त्याला मतही असू द्या

२५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन. १९५० मध्ये याच दिवशी निवडणूक आयोग स्थापन झाला, म्हणून २०११ पासून हा दिवस पाळला जातो. या दिवशी व्यासपीठांवरून एक उपदेश हमखास ऐकू येतो : पक्ष पाहू नका, उमेदवार पाहा. हेतू चांगलाच आहे. पण निवडून गेलेल्या उमेदवाराच्या स्वतःच्या विचारांना सभागृहात जागा किती उरते?

मूळ राज्यघटनेने राजकीय पक्षांची दखलच घेतली नव्हती. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात आले. आयाराम-गयारामांना आवर घालणे तेव्हा गरजेचेच होते. मात्र हा व्हिप सरकार तारण्या-पाडण्यापुरता राहिला नाही; तो कोणत्याही विधेयकावर निघतो. भूसंपादनाच्या कायद्यावर आपल्या मतदारसंघातल्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहावेसे वाटणाऱ्या आमदाराला आमदारकी पणाला लावावी लागते. गैरहजर राहिला, तरी सुटका नाही.

आणि घाऊक पक्षांतराला मात्र मोकळीक! गोव्यात २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, चर्च आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पक्षाच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपची वाट धरली. दोन-तृतीयांश सदस्य एकत्र गेले की कायदा त्याला विलीनीकरण मानतो. म्हणजे एका प्रश्नावर विवेकाने वेगळे मत देणारा एकटा अपात्र, आणि मतदारांचा कौल झुगारून गटाने जाणारे सुरक्षित. या कायद्याचा याहून मोठा दोष दुसरा नाही.

म्हणून चिन्ह पाहून बटण दाबणाऱ्या मतदाराला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. सभागृहात शेवटी पक्षच मत देतो, हे त्याने अनुभवाने ओळखलेले असते.

व्हिपचे बंधन विश्वास-अविश्वास ठराव, धनविधेयक आणि अभिभाषणावरील आभारप्रस्ताव एवढ्यापुरतेच ठेवावे, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. महाराष्ट्रातल्या एखाद्या खासदाराने त्यासाठी खासगी विधेयक मांडावे. निदान त्यावरील मतदानाला तरी पक्षांनी व्हिप काढू नये आणि कोण कोणत्या बाजूने उभा राहतो, हे मतदारांना पाहू द्यावे.