उसनीं वाक्यें

इ. स. १९३२ मध्यें ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि मराठी पडद्यास वाचा फुटली. तेव्हांपासून पडद्यावरचें बोलणें घराघरांत शिरत आलें आहे. ‘शोले’ (१९७५) या हिंदी चित्रपटाचे तर संवादच ध्वनिमुद्रिकांवर विकले गेले. आणि अमुक गृहस्थ येथें राहतात काय, असें विचारणारें ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मधील साधें वाक्य, तेव्हां ज्यांचा जन्महि झाला नव्हता अशा मुलांच्या तोंडीं आज आहे.

यांत वाईट तें काय, असें कोणी विचारील. एकाच वाक्यावर दोन अनोळखी माणसें हंसलीं, तर तीं जवळ येतात, हें खरेंच. आपली आजीहि बोलतांना पदोपदीं म्हणी वापरी. परंतु एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आजी प्रसंग ओळखून म्हण काढी. आपण मात्र शब्द कानीं पडतांच संवाद फेकतों. कोणी कोणाचें घर विचारलें कीं पुरे. विचारणारा किती अडचणींत आहे, याचें भान राहत नाहीं.

येथेंच हानि होते. एखादा मुलगा मोठ्या धीरानें म्हणतो, “मी गणितांत नापास झालों, घरीं कसें सांगूं?” त्याबरोबर दुसरा एखादा ठरलेला संवाद म्हणतो, वर्ग हंसतो, आणि तो मुलगाहि हंसतो. मात्र तो पुन्हा कोणापाशीं आपलें दुःख काढीत नाहीं. पालकांनींहि विचार करावा : मुलाच्या गंभीर प्रश्नास आपणहि असेंच हंसून वाटेस लावीत नाहीं ना?

‘बनवाबनवी’चे संवाद वसंत सबनीस यांनीं लिहिले. ते रंगले, कारण त्या पात्रांस, त्या प्रसंगीं, तेंच बोलणें शोभत होतें. लेखकानें प्रसंग पाहून शब्द शोधले. त्याचें अनुकरणच करावयाचें, तर त्याचे शब्द न उचलतां ती रीत उचलावी.

विद्यार्थी मित्रहो, थट्टेच्या वेळीं संवाद खुशाल म्हणा. पण कोणी मन उघडें करूं लागला, तर क्षणभर थांबा, त्याचें ऐका, आणि स्वतःचे चार शब्द बोला. ते ओबडधोबड असले तरी चालतील. ते त्याच्यासाठींच असतील. पडद्यास वाचा फुटली, म्हणून आपली वाचा बंद पडण्याचें कारण नाहीं.