आजींचे हात

आमच्या गल्लीतील एक मुलगी चित्रपटविद्येचे शिक्षण घेण्यासाठी परगावी असते. दिवाळीच्या सुटीत ती इंदूरला आली ती एक चिंता बरोबर घेऊनच. सुटी संपेपर्यंत दहा मिनिटांचा एक प्रायोगिक अनुबोधपट तिला सिद्ध करावयाचा होता आणि विषय काही केल्या सुचत नव्हता. राजवाडा झाला, सराफ्यातील रात्रीची गर्दी झाली. पण जे टिपावे ते आधीच कुणीतरी टिपलेले. शेवटी एका सायंकाळी आमच्या ओसरीवर येऊन ती म्हणाली, "काका, आपल्या इथं करण्यासारखं आहे तरी काय हो?"

आम्ही काही या विद्येतले जाणकार नव्हेत. परंतु मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची रिळे पाहणे ज्या काळी चुकत नसे, त्या काळचे आम्ही प्रेक्षक. त्या रिळांच्या वेळी बाहेर चहा पिणारे पुष्कळ असत. आम्ही मात्र बसून राहत असू. तेव्हा आठवले तेवढे तिला सांगितले.

१९६७ साली मकबूल फिदा हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' हा लघुपट केला. हुसेन जन्माने पंढरपूरचे. पण त्यांचे बालपण गेले ते आपल्या इंदुरात. राजस्थानात केलेल्या या लघुपटात कथानक म्हणून नाही. छत्री, कंदील आणि जोडा अशा साध्या वस्तू पुन्हापुन्हा समोर येतात आणि पाहणाऱ्याने आपला अर्थ आपण लावावा. बर्लिनच्या महोत्सवात त्याला त्याच वर्षी लघुपटांचे सुवर्ण अस्वल मिळाले. त्याच साली एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय अ‍ॅम ट्वेंटी' केला. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी जन्मलेल्या, म्हणजे विशीत आलेल्या तरुणतरुणींना त्यांनी बोलते केले, एवढेच. आणि त्याच्याही पूर्वी, १९२९ साली, योरिस इव्हेन्स या डच दिग्दर्शकाने मानुस फ्रांकेन यांच्या साथीने 'रेन' केला. ॲमस्टरडॅम शहरात सर येते आणि ओसरते. बारा मिनिटांच्या आसपासच्या त्या चित्रपटात याहून काही घडत नाही. मात्र ती एक सर जुळविण्यासाठी त्यांनी कित्येक महिन्यांचे पाऊस टिपले होते.

"तिघांचेही विषय साधेच आहेत," आम्ही म्हणालो. "पण प्रत्येकाने स्वतःला एक अट घालून घेतली. कुणी म्हटले, कथा सांगणार नाही. कुणी म्हटले, एकाच वयाची माणसे घेईन. कुणी म्हटले, पावसावाचून दुसरे काही नाही. तू विषय शोधतेस. त्याऐवजी अट शोधून पाहा."

सल्ला देणे सोपे असते. दुसऱ्याच दिवशी ती रडवेली होऊन परत आली. तिच्या आजींचा जुना वाडा विकला गेला होता आणि ही त्यातील शेवटची दिवाळी. ते तिला एकाएकी उमगले आणि तिने स्वयंपाकघरात जाऊन आजींसमोर मोबाइलचा कॅमेरा धरला. आजींनी तोंडावर पदर ओढला आणि म्हणाल्या, "अगं, पहिले विचारून तरी घ्यायचं!"

आजींना आम्ही काकू म्हणतो. त्यांची समजूत घालावी, नातीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे असे चार शब्द सांगावेत, या हेतूने आम्ही गेलो. काकूंनी सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "घर चाललंय त्याचं दुःख माझ्या तोंडावर दिसणारच. ते परक्या लोकांनी कशाला पाहायचं?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कलेच्या नावाखाली आपण दुसऱ्याच्या दुःखावर हक्क सांगू पाहत होतो, हे लक्षात येऊन आम्ही मनातून ओशाळलो.

थोड्या वेळाने काकूच नातीला म्हणाल्या, "हात घे माझे. बोलेनही मी. पण तोंड नको."

मुलीला हवी असलेली अट ती हीच. पुढले आठ दिवस तिने काकूंच्या हातांखेरीज काही टिपले नाही. सोऱ्या फिरविणारे हात, पितळेचे डबे पुसून वर्तमानपत्रात गुंडाळणारे हात, किल्ल्यांच्या जुडग्यातून नेमकी माळ्याची किल्ली काढणारे हात. आणि मागून काकूंचा आवाज, हिंदीच्या सहवासात मुरलेल्या आपल्या इंदुरी मराठीत: कोणत्या खोलीत कोण बाळंतीण झाली, कोणत्या कोनाड्यात कुणाची पुस्तके असत. संगीत नाही, निवेदन नाही.

पूर्ण झालेला पट तिने प्रथम दाखविला तो आजींनाच, रिकाम्या माजघराच्या भिंतीवर. आम्हीही होतो. काकू निश्चल बसून पाहत होत्या. अखेरीस म्हणाल्या, "भावजींविषयी मी बोलले ते काढून टाक. ते आता नाहीत, त्यांना उत्तर देता यायचं नाही." आमच्या मते ते वाक्य साऱ्या पटात सर्वांत धारदार होते आणि मुलीच्या चेहऱ्यावरून तिचेही मत तेच असावे. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. तिने तेथल्या तेथे ते वाक्य काढले.

त्याने पट उणा झाला की नाही, हे तिचे परीक्षक ठरवितील. आम्हांस मात्र त्या सायंकाळी वाटले की, मुलगी या विद्येचा एक मोठा धडा शिकली. अनुबोधपटात खरी माणसे असतात. पट संपल्यावरही त्यांना त्याच गल्लीत, त्याच नात्यागोत्यांत राहावयाचे असते.

आपल्याही घरी अशी चिंता घेऊन आलेला कुणी विद्यार्थी असेल. त्याला दूरचे देखावे दाखवीत बसू नये. घरातील वडीलधाऱ्यांपाशी नेऊन बसवावे आणि एवढेच सांगावे की, कॅमेरा अजून खिशातच असू दे. आधी विचारून घे.

वाडा आता दुसऱ्याचा झाला. किल्ल्या देताना काकूंचे हात थरथरले की नाही, ते कुणी टिपलेले नाही.