शेड दारात नको, बागेत बसवा



गाळप हंगाम संपला, उसाचे पैसे खात्यावर पडले, की आपल्या वाड्या-वस्त्यांवर एक काम हमखास निघते. ट्रॅक्टर नाहीतर चारचाकी उघड्यावर उभी असते, तिला शेड मारायची. दारासमोर चार पाइप रोवायचे, वर पत्रे टाकायचे, खाली कोबा करायचा. आठ दिवसांत काम उरकते. या कामाविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. लिहिण्याचा अधिकार एवढाच, की ही चूक मी स्वतः केली आणि पुढे मोडून दुरुस्तही केली.

आमचे घर पूर्वेच्या तोंडाचे. मी शेड घातली ती थेट ओट्यासमोर. त्यापायी पारिजातक तोडला, आईने राखलेले अबोली-शेवंतीचे वाफे गेले. "होऊ दे बाबा, गाडी महत्त्वाची," एवढंच ती म्हणाली. थंडी पडली तेव्हा माझ्या ध्यानात आले. सकाळचे कोवळे ऊन ओट्यावर येईना. सत्तरी ओलांडलेली आई गोधडी पांघरून उन्हासाठी रस्त्याच्या कडेला जाऊन बसू लागली. बैठकीच्या खोलीत भर दिवसा दिवा लावायची पाळी आली. त्यात एके दिवशी ट्रॅक्टर मागे घेताना तुळशीवृंदावनाचा कोपरा उडाला. नातवंडं खेळतात ते अंगण आणि ट्रॅक्टर मागे घ्यायची जागा एकच, हे वृंदावन फुटल्यावर सुचावे, याची मला अजून लाज वाटते.

वडीलधारी मंडळी गोठा बांधायची तेव्हा वारा कुठला, सावली कुणीकडे, सांडपाणी कुठे जाईल, वैरण कुठून आणायची, सगळे बघत. बैलांचा अभिमान काय त्यांना कमी होता? पोळ्याला गावभर मिरवायचे. पण दावण घराच्या अंगाला असायची. आपण कितीतरी लाखांचे यंत्र आणतो आणि गोठ्याइतकाही विचार करीत नाही. खरी मेख दुसरीच आहे. गाडी रस्त्यावरून दिसली पाहिजे! दिसू द्या की, कष्टाची आहे. पण तिच्याबरोबर डिझेलचे कॅन, गंजके फाळ आणि काळे ओघळही दिसतात, आणि घर मात्र झाकते.

जागा असेल तर शेड घराच्या पश्चिमेला, ओट्याच्या रेषेपासून मागे सरकवून घ्यावी. उन्हाळ्यात दुपारनंतरचे ऊन ती अंगावर घेते आणि घराची भिंत तापत नाही. पाऊस बहुधा पश्चिमेकडून झोडपतो. म्हणून ती बाजू बंद ठेवून तोंड उत्तरेला करावे. स्वयंपाकघराची खिडकी मात्र जवळ नको, नाहीतर चुलीचा धूर गेला आणि डिझेलचा आला असे व्हायचे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसणे तर जिवावर बेतणारे आहे. शेडला लागून पाचट किंवा कडबा रचू नये. सायलेन्सर तापलेला असतो, हे ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको.

आता झाडांचे. शेवगा शेडजवळ लावू नका, त्याची फांदी ठिसूळ. नारळाखाली गाडी उभी करणाऱ्याला मी काय सांगणार! बोगनवेल दिसते छान, पण छाटणीनंतर काटे चाकाखाली येतात. गोकर्ण, दोडका, घेवडा हे आपले बरे. वेल मात्र थेट पत्र्यावर सोडू नये. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापून शेंडे करपतात आणि पावसाळ्यात कुजक्या पानांखाली पत्रा गंजतो. शेडच्या बाजूला वीतभर अंतर सोडून तार ओढावी आणि वेल तिच्यावर चढवावा. दोन महिन्यांत पत्रा झाकतो, वर भाजीही मिळते.

सगळ्या अंगणाला कोबा करण्याची हौस आवरावी. चाकांपुरत्या दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या पुरतात, मध्ये तीन फूट मोकळी माती. काळ्या रानात पट्ट्यांखाली दगड-मुरूम चांगला ठोकून घ्यावा, नाहीतर पावसाळ्यात जमीन फुगते आणि फरशी उचलते. मधल्या मातीत मी चक्क हरळी लावली. शेजारी हसले. हरळी म्हटली की उसाच्या रानात आपल्या कपाळाला आठ्या पडतात. पण अंगणात तिच्यासारखे चिवट गवत नाही. तेवढी फुलांच्या वाफ्यांकडे जाऊ देऊ नये. तेल गळते तिथे वाळूचे घमेले ठेवावे, गाडी धुतलेले पाणी झाडांना सोडू नये.

पत्र्याच्या उताराला पन्हळ लावायचे बहुतेकजण विसरतात. १२ बाय २० फुटांच्या पत्र्यावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि काही सांडला-वाया गेला, तरी साडेआठ-नऊ हजार लिटर पाणी हाती येते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना याचा अर्थ कळेल. मी ते पाणी बोअरच्या कडेच्या खड्ड्यात, दगड-वाळूतून गाळून सोडले आहे.

मोडतोडीत पाइप, पत्रे तेच वापरले. मजुरी आणि मुरूम एवढाच नवा खर्च आला. ट्रॅक्टर वळवायला आता पाचएक मिनिटे जास्त लागतात, हे मी कबूल करतो. मुलाची त्यावर कुरकुर असते. आई पुन्हा ओट्यावर बसते. नवा पारिजातक कमरेएवढा झाला आहे, अजून फुललेला नाही. गोकर्णाचे आणि दोडक्याचे बी मात्र यंदा भरपूर निघाले आहे. गट ऑफिसात पुड्या करून ठेवतो, हव्या त्यांनी न्याव्यात.

— एक सभासद