भोंगा कुणी वाजवायचा?

२०२२ साली सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने एक निर्धार केला. सायंकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद होत. मुले अभ्यासाला बसत. शहरी सुशिक्षितांनी या वृत्ताचे कौतुक केले; अनुकरण मात्र टाळले.

वास्तविक, शहाणे होण्यास पुरावा कमी नाही. २०२१ मध्ये फेसबुकचीच अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. आपल्या शरीराविषयी आधीच खंत बाळगणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितले होते की, इन्स्टाग्राममुळे ती खंत वाढते. कंपनीला हे ठाऊक होते. तरी व्यवसाय चालूच राहिला. दुसऱ्याच्या सजवलेल्या आयुष्याशी अहोरात्र तुलना आणि ‘लाइक’ची आस, यांवरच तर तो पोसला जातो!

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची दारे कायद्याने बंद केली. कायदा हवाच, पण मध्यरात्रीपर्यंत स्वतः पडद्याला खिळलेल्या आईबापांनी कोणत्या तोंडाने उपदेश करावा? जेवणाच्या ताटाशेजारी मोबाइल आधी कुणी ठेवला? भोंगा प्रथम आपल्याच घरात, आपल्यासाठी वाजला पाहिजे.