लोखंडी वारशाची हेळसांड

जुन्या वस्तूंविषयी आपल्या समाजाची वृत्ती मोठी विचित्र आहे. वस्तू उपयोगाची असेपर्यंत ती राबवावयाची, निकामी झाली की मोडीत घालावयाची. आणि एखादी चुकून वाचलीच, तर तिला रंग फासून चौथऱ्यावर उभी करावयाची व विसरून जावयाचे! वाफेच्या इंजिनांपैकी जी थोडी वाचली, त्यांतील अनेकांच्या नशिबी हा शेवटचा प्रकार आला आहे.

परभणी जिल्ह्याला हा विषय परका नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्ग झाला आणि मराठवाड्याचा कापूस मुंबईच्या बाजाराला जवळ आला. पूर्णा हे त्या मार्गावरील मोठे जंक्शन व इंजिनांचे घर. १९९२ साली देशभर एकच रुंद मार्ग करण्याचे धोरण आले आणि २००८ साली पूर्णा-अकोला मार्गही रुंद झाला. मनमाडला गाडी बदलण्याचा व माल उतरवून पुन्हा भरण्याचा त्रास ज्यांनी सोसला, ते या बदलाचे स्वागतच करतील. आम्हीही करतो. परंतु मार्ग बदलणे म्हणजे स्मृती पुसणे नव्हे.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असेही नाही. १९७७ साली दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उभे राहिले; २००२ साली नागपूरला मोतीबाग येथे नॅरोगेजचे संग्रहालय झाले; १८९३ सालची रेवाडीची शेड तर वाफेची इंजिने चालती ठेवण्यासाठी राखली गेली. पण संग्रहालयांतून आणि स्थानकांसमोर कितीतरी इंजिने आजही उघड्या आभाळाखाली ऊनपाऊस सोसत आहेत. उघड्या धुराड्यातून पाणी आत शिरते, साचलेल्या राखेत मिसळून आम्लधर्मी होते आणि पत्रा आतून खात जाते. बाहेरचा ताजा रंग तेवढा पाहुण्यांना दिसतो. पितळी पाट्या व नळ्या चोरीस जातात, ते वेगळेच.

कोणी म्हणेल, जेथे पिण्याच्या पाण्याची वानवा, तेथे जुन्या लोखंडाचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु आम्ही लाड मागत नाही. धुराड्याला झाकण, राख काढून टाकणे, सांध्यांना तेल, वर पत्र्याचे छप्पर आणि अधूनमधून इंजिन चार हात पुढेमागे सरकविणे, एवढ्याने निम्मे काम होते. यासाठी तिजोरी रिकामी होत नाही. लागते ती आस्था.

खरी चिंता लोखंडाची नाही, माणसांची आहे. चित्तरंजनच्या कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले ते १९७२ साली, आणि तेही मीटरगेजचे. अशा इंजिनांच्या भट्टीत ज्यांनी ऐन तारुण्यात कोळसा लोटला, ते फायरमन आता वृद्ध झाले आहेत. वाफेचा दाब केवळ आवाजावरून ओळखण्याची त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकात उतरलेली नाही. गंजलेला पत्रा बदलता येतो. ती विद्या एकदा गेली की गेलीच.

म्हणून नांदेड विभागाच्या अधिकाऱ्यांना आमचे सांगणे आहे: नागपूरने नॅरोगेजसाठी जे केले, ते पूर्णेने मीटरगेजसाठी करावे. एक इंजिन, एक छप्पर आणि जुन्या कामगारांच्या आठवणींची एक नोंदवही, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. जिल्ह्यातील शाळांनी व नागरिकांनी त्यास हातभार लावावा. ज्या वाफेने या मुलखाला जगाशी जोडले, तिचे ऋण आम्ही गंजाच्या रूपाने फेडणार आहोत काय?